चंद्राबाईच्या पावलाचं माप

वजीर मिस्त्रीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. आष्ट्याच्या मशिदीत बांग व्हायच्या आत त्याला जाग यायची, आणि बांग होईपर्यंत दोन पटाश्या आणि लाकूड तासायचा एक वाकस यांना धार लागलेली असायची. धार तो अंधारातच लावायचा. बायको मेहरुनबी दिवा पुढं करायची, तर तो नको म्हणायचा. धार अंगठ्याला कळते, तिला उजेड कशाला, असं त्याचं म्हणणं. नमाज, मग भाकरीचा तुकडा आणि कोरा चहा, आणि दिवस उजाडायला तो कामाच्या घरी ओट्यावर हजर. घरधन्यानं डोळे चोळत दार उघडावं आणि समोर मिस्त्री बसलेला दिसावा, असं गावातल्या निम्म्या घरांत झालेलं होतं.

तो चौकटी करायचा, बाजली करायचा, नांगराचं लाकूडही तासायचा. पण त्याचं नाव होतं ते जिन्यासाठी. साल सेहेचाळीस. लढाई संपून पलटणीतले लोक घरी येत होते. पैसा गाठीला होता आणि बाहेरची घरं डोळ्यांनी बघितलेली होती, त्यामुळं ज्याच्या त्याच्या मनात माडी उभी राहिली होती. माडी गवंडी बांधतो. पण जिना नीट नसेल तर ती माडी म्हणजे वरती ठेवलेलं एक रिकामं खोकं, असं वजीर म्हणायचा.

हे तो सांगलीत शिकला होता, आणि चूक करून शिकला होता. पंचविशीत असताना तो तिथं एका ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर होता. एका व्यापाऱ्याच्या घरी त्यानं सतरा पायऱ्यांचा जिना बसवला. दिसायला देखणा. महिनाभरात घरातलं प्रत्येक माणूस सगळ्यात वरच्या पायरीवर एकदा तरी अडखळलं. व्यापारी पडला, त्याचा मेहुणा पडला, पाहुणे पडले. शेवटी त्या पायरीवर काहीतरी बसतं असं ठरलं आणि तिच्या कडेला लिंबू-मिरची बांधली गेली. वजीरला बोलावणं आलं नव्हतं. तो आपणहून गेला आणि गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून बघितलं. ती एक पायरी बाकीच्यांपेक्षा पाच सूत उंच होती. एका इंचात आठ सूत असतात, म्हणजे फरक अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. डोळ्याला कळत नाही, पावलाला कळतं. पाऊल पहिल्या दोन पायऱ्यांत उंची पाठ करतं आणि पुढं बघतच नाही.

चूक कुठं झाली तेही त्याला तिथंच उमगलं. त्यानं एका पायरीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा खुणा केल्या होत्या. प्रत्येक खुणेला पेन्सिलीच्या जाडीएवढं चुकलं, ते साठत गेलं, आणि शेवटी जुळवताना सगळं एका पायरीच्या बोकांडी बसलं. तेव्हापासून त्यानं पद्धत बदलली. जमिनीपासून माडीच्या फरशीपर्यंत एक सरळ पट्टी उभी करायची. तेवढीच कापायची. मग कंपास घेऊन त्या पट्टीचे सारखे भाग पाडायचे. शेवटचा भाग केसभर उरला तर कंपास केसभर उघडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. कधी सात वेळा, कधी वीस वेळा. अर्धा दिवस यातच जायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, मिस्त्री काठीशी खेळतोय.

हंबीरराव हवालदारालाही तसंच वाटलं.

हंबीरराव आफ्रिका, इटली करून आला होता. घरात आई राहीबाई आणि बायको चंद्राबाई. त्यानं दादासो गवंड्याकडून माजघरावर माडी चढवून घेतली होती. माडी कशासाठी, तर धान्यासाठी. खाली ओल यायची आणि घुशी भिंत पोखरायच्या. दरवर्षी ज्वारीची नासाडी व्हायची. धान्य वर गेलं म्हणजे रोज ते खाली आणायला कुणीतरी चढ-उतार करणार, हे ओघानं आलं.

जिन्यासाठी त्यानं साताऱ्याहून सागवानाच्या दोन फळ्या आणल्या होत्या. पंधरा पंधरा फूट लांब, दोन इंच जाड, फूटभर रुंद, एक गाठ नाही. लढाईच्या दिवसांत चांगलं लाकूड बाजारातून गेलं होतं ते अजून परतलं नव्हतं. सांगलीच्या वखारीत अशी लांबी मिळाली नव्हती आणि साताऱ्याच्या वखारवाल्यानं या शेवटच्याच म्हणून सांगितलं होतं. जिन्याच्या दोन बाजू या फळ्यांच्या व्हायच्या होत्या. त्यांना खाचा पाडायच्या आणि खाचांत पायऱ्या बसवायच्या. खाच एकदा पाडली की बुजवता येत नाही. वजीरनं काम उक्तं, ठरलेल्या एका रकमेवर, घेतलं होतं, पण त्याला धाक मजुरीचा नव्हता. त्या फळ्या वाया गेल्या असत्या तर तो आयुष्यभर त्या गल्लीतून गेला नसता.

फळ्यांवरून हात फिरवून झाल्यावर त्यानं विचारलं की जिन्यावर जास्त वेळा कोण चढणार.

"म्हंजे? घरातली माणसं," हंबीरराव म्हणाला.

"त्यात बी कोण?"

"मिस्त्री, जिना हाय. अंगरखा न्हाई माप घ्यायला." मग बूट घातलेलं पाऊल पुढं करून तो म्हणाला, "घ्या, हे घ्या माप. ह्या पावलानं इटलीतले डोंगर चढल्यात."

हवालदाराचं सगळं ठरलेलं होतं. पायऱ्या अकरा, म्हणजे काम लवकर आणि पाऊल टेकायला ऐसपैस जागा. पायऱ्या विषम हव्यात एवढं वजीरलाही मान्य होतं. उजवा पाय टाकून चढावं आणि उजव्याच पायानं माडीत यावं, ही त्या भागातल्या घरांची रीत. पण जमिनीपासून माडीची उंची भरली नऊ फूट नऊ इंच. त्याच्या अकरा पायऱ्या केल्या तर एकेक साडेदहा इंचाच्या वर. पलटणीतल्या गड्याला ठीक. वजीरनं हिशेब केला : हवालदार जिना चढणार आठवड्यातून एकदा, तेही पाहुण्याला माडी दाखवायला. धान्य काढायला जाणार चंद्राबाई, रोज, डोक्यावर पाटी घेऊन.

आणि चंद्राबाईला त्यानं कधी बघितलेलं नव्हतं. त्या घरच्या सुना परक्या पुरुषासमोर येत नसत. माजघरात काम असलं की आधी आत वर्दी जायची, बायका स्वयंपाकघरात जायच्या, दार लोटलं जायचं, मग मिस्त्री आत. चंद्राबाई उंच की बुटकी, हे त्याला बांगड्यांच्या आवाजावरून काय कळणार? गावातले बाकीचे मिस्त्री अशा वेळी घरधन्याचं माप घ्यायचे आणि सुटायचे. म्हणून गावातल्या बहुतेक जिन्यांवर पुरुष छाती काढून चढायचे आणि बायका गुडघ्यावर हात ठेवून.

त्या संध्याकाळी त्यानं मेहरुनबीपुढं सुतळीचं भेंडोळं ठेवलं आणि काय करायचं ते सांगितलं. दादासोच्या उरलेल्या विटा तिथं पडल्यात. एकीवर एक रचायच्या, त्यांवर पाय ठेवून चंद्राबाईला चढायला लावायचं. सोपं जाईल तेवढी उंची सुतळीवर गाठ मारून आणायची. पावलाची लांबी दुसऱ्या सुतळीवर.

मेहरुनबी म्हणाली, "मी काय तुमच्या हाताखालची बिगारी हाय व्हय?"

"न्हाईस. पर मला आत कोण घेतंय?"

"मग रोज द्या. बिगाऱ्याला देताय तेवढा."

तो हो म्हणाला. काम झालं की बायका अशा गोष्टी विसरतात, असा त्याचा समज होता.

दुसऱ्या दिवशी ती सुतळी घेऊन आली. गाठ जमिनीपासून दहा इंचांवर होती, म्हणजे चार विटा. वजीरनं सुतळी दोनदा पट्टीला लावली. "हे माप कुणाचं?"

राहीबाईचं होतं. मेहरुनबीनं जाऊन सुनेचं माप पाहिजे म्हटलं, तर म्हातारी म्हणाली की ह्या घरात पहिलं माप माझं. आणि शेजारच्या दोन बायका बघायला आलेल्या. त्यांच्यासमोर राहीबाईनं लुगडं खोचलं आणि चार विटांवर टेचात चढून दाखवलं.

"एकदाच चढली?"

"एकदाच. वर पाचवी ठिव म्हनत हुत्या."

वजीर हसला. त्याच राहीबाईला तो दोन दिवस घराच्या जोत्याची पायरी चढताना बघत होता. ती पायरी आठ इंचांची होती आणि प्रत्येक वेळी म्हातारीचा हात गुडघ्यावर जायचा. दहा इंचांची ती गाठ पायाची नव्हती. ती शेजारणींसाठी होती.

त्यानं ती गाठ सोडली आणि बायकोला पुन्हा पाठवलं. या वेळी सांगितलं की एकदा कुणीबी चढतं. डोक्यावर धान्याची पाटी देऊन वीस वेळा चढायला लाव, वीस वेळा उतरायला लाव, आणि विसाव्या वेळी पाय कुठं अडतो ते बघ. मेहरुनबी म्हणाली की हे आधीच सांगितलं असतं तर तिची एक खेप वाचली असती. ते खरं होतं.

ती दुपारी गेली, दिवेलागणीला आली आणि आल्या आल्या भिंतीला टेकून बसली. चंद्राबाईबरोबर तीही विटा रचत, मोडत वीस वेळा उठली-बसली होती. तिनं सांगितलं ते असं : चंद्राबाई बुटकी, अंगानं बारीक. रिकाम्या डोक्यानं चार विटा चढते. पाटी घेतली की चार विटांना पाचव्या खेपेलाच मान डुलते. तीन विटांना विसाव्या खेपेलाही तोंडानं गाणं चालू. तीन विटांवर एक पातळ कौल ठेवलं तरी चालतं. दोन कौलं ठेवली की गाणं थांबतं. पाऊल नऊ इंचांना बोटभर कमी.

वजीरनं दुसऱ्या दिवसाची पहाट धार लावण्यात घालवली नाही. तो पट्टी आणि सुतळ्या घेऊन बसला. गाणं चालू राहील अशी उंची आठ इंचांच्या आत. नऊ फूट नऊ इंचांचे पंधरा भाग केले की एक भाग येतो सात इंच सहा सूत आणि वर थोडं. पंधरा विषम. इथवर छान जमलं. पण पंधरा पायऱ्या म्हणजे पंधरावी माडीची, आणि पाऊल टेकायच्या फळ्या चौदा. एकेक नऊ इंच धरली तर जिन्याला खाली जमीन लागणार साडेदहा फूट. माजघरात जागा होती आठ फूट चार इंच. सव्वादोन फूट कमी.

जागा कमी असेल तर दोनच वाटा. पायऱ्या उंच करायच्या, नाहीतर अरुंद. पंधरा पायऱ्या त्याच जागेत कोंबल्या तर एकेक सात इंचांची. चढताना चालेल, पण उतरताना टाच फळीवर आणि पुढचं पाऊल हवेत, त्यात डोक्यावर पाटी आणि पायांत लुगडं. तेरा केल्या तर उंची नऊ इंच आणि रुंदीही आठाच्या आसपास. दोन्हीकडून अडचण. जिना खाली वळवावा, तर स्वयंपाकघराची वाट अडते. वर वळवावा, तर गवंड्यानं माडीच्या तळात जिन्यासाठी ठेवलेला मोकळा चौक फोडायला लागतो.

तीन दिवस तो माजघरात जाऊन जागा मोजत राहिला. एका टोकाला भिंत. दुसऱ्या टोकाला धान्याची कणगी, शेणानं सारवलेली, छातीएवढी उंच, सव्वातीन फूट रुंद. भिंतीपासून कणगीपर्यंत आठ फूट चार इंच. सकाळी मोजलं तरी तेवढंच, संध्याकाळी मोजलं तरी तेवढंच. हंबीरराव ओट्यावरून विचारायचा की मिस्त्री, भिंत सरकली का. वजीर पट्टी पुन्हा भिंतीला लावायचा. रोज बुडत होता, काम उक्तं होतं, आणि फळ्यांना अजून करवत लागली नव्हती. आता तेरावर यावं आणि मोकळं व्हावं, असं चौथ्या दिवशी त्याच्या मनानं घेतलं.

जाताना त्यानं मेहरुनबीला बरोबर घेतलं. तेरा पायऱ्यांचा जिना कसा लागेल ते चंद्राबाईला आधी कळावं, नंतर बोल नको. लोटलेल्या दाराच्या एका अंगाला तो उभा, दुसऱ्या अंगाला बायका. त्यानं मेहरुनबीला सांगायचं, मेहरुनबीनं दार किलकिलं करून आत सांगायचं. त्यानं जागेची अडचण सांगितली. भिंतीपासून कणगीपर्यंत एवढंच अंतर, म्हणून नाइलाज.

आत बांगड्या हलल्या. मग कुजबुज. मग मेहरुनबीनं डोकं बाहेर काढलं. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"ती इचारतीया, ज्वारी माडीवर जानार हाय न्हवं? मग कणगी खाली कशाला?"

वजीरनं कणगीकडं बघितलं. मग हातातल्या पट्टीकडं. वीस वर्षं मापं घेणारा माणूस चार दिवस त्या कणगीला टेकून मापं घेत होता, जणू ती घराचा खांब आहे. माडी कणगीसाठी बांधलेली. गवंड्याला सुचलं नाही, हवालदाराला सुचलं नाही, त्याला सुचलं नाही. त्या घरात कणगी त्या जागी असायचीच, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत आलीच नव्हती. ओट्यावर हंबीरराव हे ऐकून मांडीवर हात मारून हसत सुटला. म्हणाला, पलटणीत साहेबाला असा सल्ला दिला असता तर फीत मिळाली असती.

हसणं थांबलं ते राहीबाई आत आल्यावर.

ती परसातून आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कणगी हलणार नाही म्हणून सांगितलं. ती त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा उंबरा ओलांडून पहिलं हळदीकुंकू तिनं त्या कणगीलाच वाहिलेलं. दर दसऱ्याला तिची पूजा. बूड पुरतं रिकामं कधी होऊ दिलेलं नाही. धान्य वर न्यायचं तर पोती भरून न्या. कणगी आहे तिथंच राहील. हंबीरराव इटलीचे डोंगर चढलेला, पण आईपुढं बोलायची त्याची टाप नव्हती. तो खाली बघून मिशीला हात लावत राहिला.

"वजीरा," राहीबाई म्हणाली, "तेराचा कर. इंचभर उंच झालं तर काय आभाळ कोसळतंय? तुझ्या बायकूनं माझं माप नेलंया न्हवं? चार इटा."

वजीरनं वाद घातला नाही. त्यानं एवढंच म्हटलं की काकी म्हणतील तसं. फक्त खाचा पाडायच्या आधी एकदा विटांचा जिना रचून बघू. कणगी हलवा असं मी म्हणत नाही. तुम्ही म्हणता त्या तेराच्या मापाचाच रचतो. परसात त्यानं आणि हंबीररावानं मिळून विटांच्या चार पायऱ्या रचल्या, नऊ इंच उंच, आठ इंच रुंद, गुण्या लावून. त्या रचून झाल्यावर शेजारी दुसऱ्या चार, पंधराच्या मापाच्या. तिसऱ्या प्रहरापर्यंत दोघांचे हात सोलले. मग पुरुष ओट्यावर आले आणि परसाचं दार लागलं.

वजीर परसाकडं पाठ करून बसला. त्याला ऐकू येत होतं तेवढंच. पाटी उचलल्याचा आवाज. राहीबाईचं "दे डोक्यावर." मग चढतानाची पावलं, एक, दोन, तीन, चार, जोरकस आणि भरभर. शेजारच्या बायकांचं कौतुक. मग काहीच नाही. उतरायचं होतं. आठ इंचांच्या पायरीवर म्हातारीचं पाऊल बसत नव्हतं. गाव बघत असलं तरी डोक्यावर दहा शेर ज्वारी घेऊन पायांकडं बघता येत नाही. एक पाऊल घासत खाली आलं. मग बांगड्यांचा एकदम आवाज झाला, मेहरुनबी आणि चंद्राबाई दोघी धावल्या होत्या. पाटी खाली ठेवल्याचा आवाज. ज्वारी सांडल्याचा आवाज नाही.

वजीरनं श्वास सोडला. हंबीरराव उठत होता, त्याला त्यानं हातानं बसवलं.

आता दुसऱ्या पायऱ्या. पाटी पुन्हा उचलली गेली. चढली. उतरली. उतरताना चार पावलं पडली, चारही सारखी. पुन्हा चढली, पुन्हा उतरली. कुणी सांगितलेलं नसताना ती सहा वेळा चढ-उतार करून थांबली. मग दार उघडून राहीबाई ओट्यावर आली, कपाळ घामानं भिजलेलं.

"हंबीरा, कणगी वर न्यायची. पर बुडात शेरभर ज्वारी राहू दे. रिकामी हलवायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी कणगी निघाली. दोर बांधले, चौघं वर आणि दोघं खाली. माडीचा मोकळा चौक साडेतीन फूट रुंद होता, कणगी सव्वातीन. वजीरनं आधी काठीनं मापून बघितलं आणि मगच हो म्हटलं. कणगी हळूहळू वर चढली, चौकात शिरली आणि तिथं तिरकी झाली. बुडातली शेरभर ज्वारी खाली उभ्या हवालदाराच्या डोक्यावर आणि कॉलरीत ओतली गेली. राहीबाईनं तिथल्या तिथं त्याला हलायचं नाही म्हणून बजावलं, ज्वारी त्याच्या अंगावरून पाटीत झाडून घेतली आणि वरती कणगीत परत पाठवली. तोवर हवालदार सावधान उभा.

मग वजीरनं पट्टी घेतली. कंपासानं पंधरा भाग पाडायला त्याला अकरा वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. अकराव्या वेळी कंपासाचं टोक पट्टीच्या कडेवर बरोबर टेकलं. ती मापं त्यानं फळ्यांवर घेतली, दोन्ही फळ्या एकीवर एक ठेवून, म्हणजे डावी-उजवी वेगळी व्हायला नको. खुणा झाल्यावर एक दिवस त्यानं काहीच केलं नाही. ताज्या डोळ्यांनी पुन्हा तपासायच्या होत्या. हंबीररावानं विचारलं की आज मिस्त्रीला सुट्टी का. वजीर म्हणाला, गेलेला दिवस उद्या भरून काढता येतो, खाच चुकली तर फळी पुन्हा मिळत नाही.

खाचांना सहा दिवस लागले. पटाशीनं, अर्धा अर्धा सूत उतरवत. पायऱ्यांच्या फळ्या त्यानं नऊ इंचांपेक्षा इंचभर पुढं काढल्या, उतरताना बोटांना तेवढा आधार. एका बाजूला हात धरायला शिसवी काठी, चंद्राबाईच्या कोपराच्या उंचीची. ते मापही सुतळीवरच आलं होतं. जिना उभा केला त्या दिवशी तो खालपासून वरपर्यंत गुण्या लावत गेला आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा. सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत फरक अर्ध्या सुताच्याही आत. त्यानं हत्यारं गोळा केली, आत वर्दी दिली आणि ओट्यावर जाऊन भिंतीला पाठ लावून बसला. खऱ्या कामाची परीक्षा त्याला बघता येणार नव्हती.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. बांगड्या. पहिलं पाऊल पडलं. वजीर बोटं मिटत मोजत गेला. पाच. सहा. आवाज सारखा. आठ, नऊ. कुठं अडलं नाही. तेरा, चौदा, पंधरा. वर माडीत पाटी टेकल्याचा आवाज आला. मग पावलं उतरू लागली, तेवढ्याच अंतरानं, आणि मधेच कुठल्यातरी पायरीपासून गुणगुणणं सुरू झालं. ते शेवटच्या पायरीपर्यंत चालू राहिलं.

मागोमाग जड पावलं चढली. तीही पंधरा. वर खिडकीचं दार उघडलं. मग वरून राहीबाईचा आवाज आला.

"वजीरा, हितनं मशीद दिसती रं. तुझं घर बी दिसतंय. मी काय आज खाली येत न्हाई. च्या वर धाडा म्हनावं."

हंबीररावानं मजुरी मोजून दिली आणि वर एक पागोटं दिलं. पुढच्या चार वर्षांत आष्टा आणि आसपासच्या वाड्यांतून वजीरनं एकवीस जिने बसवले, आणि प्रत्येक घरी त्याच्याआधी मेहरुनबी गेली. कुणी विचारलं की जिन्याला बायकूचं काय काम, तर तो म्हणायचा की जिना मी करतो, माप ती आणते, आणि मापाशिवाय मी नुसता लाकूडतोड्या.

पण ते पुढचं. त्या दिवशी घरी आल्यावर मेहरुनबीनं त्याच्यापुढं हात पसरला. ती विसरली नव्हती. विटा रचायची एक खेप, वीस चढ-उतारांची दुसरी, परसातली तिसरी. वजीरनं तीन रोज मोजून दिले. बिगाऱ्याचे नाहीत, मिस्त्रीचे. ती मोजायला लागली, जास्त निघाले म्हणून परत देऊ लागली, तर तो म्हणाला, राहू दे. तुझं काम बिगाऱ्याचं नव्हतं.

बाकीची मजुरी ज्वारी, रॉकेल आणि पावसाच्या आधी घराच्या कौलांत गेली, दर वर्षी जायची तशी. मेहरुनबी मात्र पुढच्या बाजारी नाथाजी वहाणवाल्याकडं गेली. त्यानं तिचं पाऊल चामड्याच्या तुकड्यावर ठेवायला लावलं आणि कोळशानं भोवती रेघ ओढली. ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत दुसऱ्याच्या जुन्या वहाणा वापरत आली होती, नाहीतर अनवाणी. आठ दिवसांनी वहाणा मिळाल्या, दुहेरी तळाच्या, तेल पाजलेल्या, तिच्याच मापाच्या. त्या तीन रोजांचे पैसे त्यात गेले.